पिशवीच्या तळाशी राहिलेलं दही

शकुन पेंढारकरला एका प्रश्नाचा मनस्वी राग होता. "झालं का?" हा तो प्रश्न. भात झाला का, काम झालं का, निघालीस का, पोचलीस का, ही सगळी त्याचीच पिलावळ. तिचं म्हणणं असं, की जे व्हायचं असेल ते झालं की आपण होऊन सांगेल. दर दोन मिनिटांनी झाकण काढून बघितल्याने भात लवकर शिजत नाही, उलट वाफ जाते. आणि हे ती नुसतं म्हणत नव्हती, गेली वीस-बावीस वर्षं याच तत्त्वावर पोट भरत होती.

मूळची ती मिरजेची. पुण्यात शिकली, अनिलशी लग्न झालं आणि अनिलच्या बँकेने दोघांना कोलकात्यात आणून टाकलं. तीन वर्षांनी बदली होईल, तेवढी काढू, असं म्हणत आलेली ही बाई. बदली झालीही, पण एकट्या अनिलची. तोवर शकुनला एस्प्लनेडजवळच्या एका सात माणसांच्या कंपनीत मनासारखं काम मिळालं होतं आणि मुलगा सुश्रुत शाळेत रमला होता. मग बँकेने अनिलला गुवाहाटी, पाटणा, नागपूर असं फिरवलं आणि शकुन भवानीपूरच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात ठाण मांडून बसली. सुश्रुत आता पुण्यात नोकरी करतो आणि अजूनही अधूनमधून बंगाली रीतीने "पाणी खातो" म्हणून तिथल्या मित्रांची करमणूक करतो. शकुन मात्र कोलकात्याची ती कोलकात्याचीच राहिली. ऑफिसात सगळे तिला शकुनदी म्हणतात आणि तिचं बंगाली ऐकून हसायचं त्यांनी कधीच सोडून दिलं आहे.

आता तिचं काम काय, हे सांगायला हवं. घाबरू नका, अवघड काही नाही. ती युनिक्सच्या घराण्यातल्या यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहिते. या घराण्याची एक जुनी रीत आहे. प्रोग्रॅमला काहीही हवं असो, फाइल, तार, प्रिंटर, घड्याळ, त्या प्रत्येकासाठी यंत्र त्याच्या हातात एक लहानसा आकडा ठेवतं. तीन, चार, पाच, असा. या आकड्याला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. आकडा म्हणजे दोरीचं टोक समजा, दुसरं टोक कुठे बांधलंय ते यंत्राला ठाऊक. गंमत पुढे आहे. प्रोग्रॅमने सगळी टोकं एकदा यंत्राच्या स्वाधीन करायची आणि सांगायचं, मी झोपतो, यातलं कुठलंही हललं की उठव. मग प्रत्येक दोरीपाशी जाऊन "झालं का" विचारत फिरायला नको. यातली एक दोरी तर नुसती घंटीची असते. तिच्या पलीकडे ना फाइल ना तार, फक्त एक मोजणी. प्रोग्रॅमच्याच दुसऱ्या भागाने घंटी वाजवली की मोजणी एकने वाढते आणि झोपलेला भाग जागा होतो. शकुन पहिल्यांदा हे शिकली तेव्हा तिला वाटलं होतं, कोणीतरी आपल्या स्वभावाचाच माणूस होऊन गेलाय.

गेल्या वर्षी अनिल निवृत्त झाला आणि कायमचा घरी आला. इतकी वर्षं सुट्टीत येणारा नवरा चोवीस तास घरात म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच माहीत. त्यात अनिलचा स्वभाव नेमका उलट्या टोकाचा. बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांची कामं तपासलेला माणूस, तो घरी काय तपासणार? तो दर पाच मिनिटांनी बाल्कनीत जाऊन निमाई भाजीवाला आला का बघायचा, दर अर्ध्या तासाने शकुनला ऑफिसात फोन करून निघालीस का विचारायचा. ती म्हणायची, निघाले की कळवेन. तो बरं म्हणायचा आणि अर्ध्या तासाने पुन्हा फोन.

कोलकात्याच्या जुन्या घरांतून बाल्कनीतून दोरीने पिशवी खाली सोडायची पद्धत आहे. भाजीवाला आरोळी देतो, वरून पिशवी येते, तो भाजी घालतो, पिशवी वर जाते. शकुनने त्या पद्धतीत आपली अक्कल घातली. काळीघाटच्या दुकानातून एक पितळी घंटी आणून कठड्याला बांधली, तिची बारीक दोरी खाली सोडली, आणि पिशवी माणसाच्या हाताला लागेल पण मांजराच्या नाही अशा उंचीवर कायमची टांगून ठेवली. निमाईला आणि कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याला सांगून ठेवलं, माल टाकायचा आणि एकदा घंटी ओढायची. अनिलला सांगितलं, घंटी वाजल्याशिवाय जागचं हलायचं नाही. अनिलने मान डोलावली, आणि पंधरा दिवसांत त्याला खरंच सवय लागली. हा आपल्या आयुष्यातला सर्वांत मोठा विजय आहे, असं ती ऑफिसात जेवणाच्या वेळी सांगायची.

आता खिदिरपूर. तिथे गोदीजवळ एका खाजगी यार्डात कंटेनरचे ट्रक वजनाला येतात. अकरा वर्षांपूर्वी शकुनच्या कंपनीने तिथे एक पेटी बसवली आणि तिच्यातला प्रोग्रॅम शकुनने लिहिला. ट्रकवाल्याने फाटकापाशी कार्ड लावायचं. कार्ड लागलं की त्याचा नंबर यादीत जातो आणि घंटीची मोजणी एकने वाढते. झोपलेला प्रोग्रॅम उठतो, यादीतला नंबर घेतो, वरच्या खोलीतल्या प्रिंटरवर चिठ्ठी छापतो आणि दिवा लावतो. मग तिथले कारकून अनादिबाबू चिठ्ठी उचलतात, भोंग्यावरून नंबर पुकारतात आणि ट्रक वजनकाट्यावर येतो.

अनादि माइती तेव्हाच पन्नाशीला आले होते आणि गुडघ्याने अधू होते. पेटी बसवायच्या दिवशी त्यांनी शकुनला पंख्याखालची आपली खुर्ची दिली होती आणि डब्यातली मुढी, म्हणजे आपले कुरमुरे, पुढे केली होती. त्यांच्या खिडकीतून काटा दिसतो, पण ट्रकांची रांग पत्र्याच्या शेडआड उभी असते. ती बघायला उठून बाहेर सज्जात जावं लागतं, आणि त्याआधी दर दहा मिनिटांनी ते तसे जातही. "या दिव्यावर भरवसा ठेवू ना?" त्यांनी विचारलं होतं. शकुन तेव्हा एकेचाळीस वर्षांची आणि स्वतःवर भलतीच खूश. ती म्हणाली होती, "बाबू, दिवा लागला नाही तर खाली कोणी नाही. तुम्ही उठायचंच नाही." आणि अनादिबाबू त्या दिवसापासून उठले नव्हते.

या गोष्टीतल्या सोमवारी यार्डाच्या मॅनेजरची मेल आली. गेल्या सहा महिन्यांत काही ड्रायव्हरांच्या तक्रारी आहेत, कार्ड लावूनही आम्हाला बोलावलं जात नाही म्हणतात. यंत्राकडून नंबर राहू शकतो का, कळवावं. शकुनने दहा मिनिटांत उत्तर लिहिलं. प्रोग्रॅम अकरा वर्षं अखंड चालू आहे, प्रत्येक कार्डाची नोंद होते, प्रोग्रॅममध्ये दोष नाही. मेल पाठवून ती चहाला गेली. इतका जुना, इतका गुणी प्रोग्रॅम, त्याच्याविषयी कोणी शंका घ्यावी याचा तिला थोडा रागच आला होता.

बुधवारी दुपारी कंपनीचे मालक तपनदा सहज म्हणाले, की त्या यार्डातल्या म्हाताऱ्या कारकुनाचं कठीण आहे. शुक्रवारी चौकशी बसतेय. ओळखीच्या ट्रकांना आधी घेतो आणि बाकीच्यांना ताटकळत ठेवतो, असा आरोप आहे. मार्चमध्ये निवृत्त व्हायचा होता बिचारा, चाळीस वर्षांच्या नोकरीनंतर आता डाग घेऊन जाईल. शकुनने विचारलं, त्यांनीच केलं हे कशावरून? तपनदांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "तुम्हीच लिहिलंत ना, यंत्राचा दोष नाही म्हणून. मग उरलं कोण?"

 तिने मेल लिहिताना प्रोग्रॅम उघडूनसुद्धा बघितला नव्हता, हे तिला तेव्हा आठवलं. आणि तिला त्या माणसाचं "भरवसा ठेवू ना" आठवलं, डब्यातली मुढी आठवली, आणि स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिने दुपारचं सगळं काम बाजूला सारलं आणि अकरा वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचला. काही सापडलं नाही. ऑफिसात ठेवलेली तशीच दुसरी पेटी काढून तिने कार्डं लावून बघितली. एक कार्ड, चिठ्ठी आली, दिवा लागला. दुसरं कार्ड, चिठ्ठी आली, दिवा लागला. पन्नास वेळा लावलं, पन्नास चिठ्ठ्या. तक्रारींचे कागद मागवून वाचले, त्यातही विचित्र गोष्ट एकच. जवळजवळ सगळ्या तक्रारी दुपारी एकच्या सुमाराच्या. गोदीतली पाळी बदलते, ट्रक येणं थांबतं, आणि शेवटी आलेला एखादा ड्रायव्हर तासभर बसून राहतो. दोन वाजता पुढचा ट्रक आला की त्याला बोलावणं येतं. एक वाजता अनादिबाबू डबा उघडतात, त्यामुळे ड्रायव्हरांनी आपल्या मनाशी हिशेब जुळवला होता. बाबू जेवतो आणि आम्ही उन्हात.

संध्याकाळी अनिलचे चार फोन आले. शकुन एकदाही चिडली नाही, तेव्हा अनिल घाबरला.

गुरुवारी सकाळी ती चहाचा कप घेऊन सुन्न बसली होती. घंटी वाजली, अनिल लगबगीने बाल्कनीत गेला, पिशवी ओढली आणि तिथूनच बोलला, की निमाईने आज भाजीबरोबर दह्याचं मातीचं भांडं पाठवलंय. मग म्हणाला, पण निमाई कुठे दही विकतो, भाजीखाली हे आलं कुठून? भांड्याच्या तोंडाचा कागद ओलसर झाला होता. उघडून बघितलं तर दही आंबून फसफसलेलं.

ते कालचं होतं. बुधवारी शकुननेच मिठाईवाल्याला सांगितलं होतं, मिष्टी दोई पाठवून दे. अनिल म्हणाला, काल दही आलंच नाही, मी दुकानदाराला मनातल्या मनात चार शिव्याही दिल्या. शकुनने कप खाली ठेवला.

"काल घंटी किती वेळा वाजली?"

"दोनदा," अनिल म्हणाला. "मी तुला फोन लावत होतो, तेवढ्यात दोनदा वाजली. मला वाटलं निमाईला घाई झालीय. फोन ठेवून गेलो, भाजी काढली, पिशवी सोडली."

"आणि तळाशी बघितलं नाहीस."

"घंटी वाजली म्हणजे भाजी आली," अनिल म्हणाला. "भाजी घेतली. मग पुन्हा घंटी वाजली नाही. तूच सांगितलंस, घंटी वाजल्याशिवाय हलायचं नाही."

शकुनने त्याच्या हातातली पिशवी घेऊन तिच्या तळाशी बघितलं. तो बिचारा खजील होऊन म्हणाला, की पुढच्या वेळी बघेन. पण ती त्याच्यावर रागावली नव्हती. तिला दिसत होता तो अनिल नव्हताच, आपला प्रोग्रॅम होता. प्रिंटर चिठ्ठी छापायला तीन सेकंद घेतो. तेवढ्यात एक नाही, दोन कार्डं लागली तर घंटीची मोजणी दोन होणार. प्रोग्रॅम छपाई संपवून वळणार, मोजणी वाचणार. वाचली की ती पुन्हा शून्य होते, ही त्या घंटीची रीतच. यंत्र आकडा बरोबर देणार, दोन. आणि आपला शहाणा प्रोग्रॅम घंटी वाजली एवढंच समजून यादीतला एकच नंबर काढणार आणि पुन्हा झोपणार. दुसरा नंबर यादीच्या तळाशी राहणार, पुढची घंटी वाजेपर्यंत. पुढचा ट्रक आला की कालचं दही बाहेर येणार, आणि त्या नव्या ट्रकचं दही तळाशी जाणार. दिवसभर सगळे असे एकेक मागे, कोणाला कळतही नाही. पण दुपारी एकला ट्रक थांबले की जो शेवटी येईल तो लटकला. रात्री फाटक बंद करताना पहारेकरी आपलं कार्ड लावतो तेव्हा शेवटचा ट्रकही सुटतो, आणि मग सकाळपर्यंत यादी कोरी होते.

ऑफिसात पोचल्या पोचल्या तिने यार्डाच्या नोंदी उघडल्या. अकरा वर्षांपूर्वी तिनेच प्रोग्रॅमला सांगून ठेवलं होतं, प्रत्येक वेळी उठलास की घंटीची मोजणी लिहून ठेव. पानंच्या पानं नुसते एकाचे आकडे. एक, एक, एक. त्यामुळेच तिने ती पानं कधी बघितली नव्हती. पण सहा महिन्यांपासून मधूनमधून दोन दिसत होता, आणि प्रत्येक तक्रारीच्या आधी, त्याच दिवशी, त्याच सकाळी कुठेतरी तो होताच. सहा महिन्यांपूर्वी यार्डाने जुनं कार्ड वाचायचं यंत्र काढून दोन नवी बसवली होती, उंच ट्रकांसाठी वर एक आणि लहान गाड्यांसाठी खाली एक. जुनं यंत्र एका कार्डाला चार सेकंद घ्यायचं, म्हणून छपाईच्या तीन सेकंदांत दोन कार्डं लागणं शक्यच नव्हतं. दोष अकरा वर्षं होता, त्याला संधी सहा महिन्यांपूर्वी मिळाली. काल ऑफिसात आपण काय केलं, एका हाताने एकेक कार्ड लावत बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तपनदांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, उत्तम, एका ओळीचं काम आहे, इथूनच बदलून टाका. तक्रारी आपोआप थांबतील. फार तर लिहून देऊ, की कंपनीने प्रोग्रॅममध्ये सुधारणा केली आहे. दोष वगैरे शब्द कशाला? हात दाखवून अवलक्षण करून घेण्यात काय अर्थ आहे, आणखी तीन यार्डांत आपल्या पेट्या आहेत.

शकुनला क्षणभर ते पटलंही. खोटं कशाला बोलू, अकरा वर्षांचा बिनचूक प्रोग्रॅम म्हणून मिरवलेली बाई ती, सुधारणा हा शब्द तिला फार गोड वाटला. पण मग तिने पुढचा विचार केला. आज गुपचूप दुरुस्त केलं तर उद्यापासून तक्रारी बंद होतील. मग यार्डातले सगळे काय म्हणतील? बघा, म्हाताऱ्याला चौकशीची भीती घातली आणि एका दिवसात सरळ झाला. म्हणजे आपली दुरुस्तीच त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरेल. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोराने फाशीचा दोर स्वतः वळून दिल्यासारखं होईल.

"तपनदा," ती म्हणाली, "मी उद्या तिथे जाईन. आधी सगळ्यांसमोर बिघाड करून दाखवीन आणि मगच दुरुस्त करीन. पत्रावर सुधारणा नाही, चूक लिहीन, खाली माझं नाव. आणि बाकीच्या तीन यार्डांना पण आपणच कळवू." तपनदांनी पेपरवेट उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, की टॅक्सीने जा, पत्र मी टाइप करून देतो.

शुक्रवारी अकरा वाजता ती यार्डात पोचली. वरची खोली जिन्याच्या अकरा पायऱ्यांवर. आत मॅनेजर, दोन-तीन ड्रायव्हर आणि कोपऱ्यात उभे अनादिबाबू. इस्त्रीचा सदरा, हातात जुन्या वह्यांची चळत. स्वतःच्या खोलीत ते आज खुर्चीवर बसले नव्हते. शकुनला त्यांनी ओळखलं आणि नमस्कार केला. त्या नमस्काराने तिला कानकोंडं झालं. तक्रार करणाऱ्यांत लखींदर यादव नावाचा एक ड्रायव्हर होता, मोठा ट्रेलर चालवणारा, आवाजाने त्याहून मोठा. तीन आठवड्यांपूर्वी याच जिन्यात त्याची आणि अनादिबाबूंची जोरदार जुंपली होती, असं मॅनेजरने सांगितलं. बाबूंनी त्याला चारचौघांत खोटारडा म्हटलं होतं.

शकुनने मॅनेजरना विनंती केली, की बोलण्याआधी मला पाच मिनिटं द्या. तिने तीन ड्रायव्हरांना खाली पाठवलं. पहिल्याने कार्ड लावायचं, आणि वर प्रिंटर कुरकुरायला लागला की मी सज्जातून हात हलवीन, तेव्हा मागच्या दोघांनी वरच्या आणि खालच्या यंत्राला एकदमच लावायचं. लखींदरला तिने शेवटचा ठेवला आणि बजावलं, दुसऱ्याच्या पाठोपाठ, निमिषभर मागे.

तसंच झालं. पहिली चिठ्ठी आली. मग दुसरी आली आणि दिवा विझला. प्रिंटर गप्प. सगळे दिव्याकडे बघत राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. सज्जातून लखींदर दिसत होता, आपल्या ट्रेलरशी कार्ड हातात धरून उभा. शकुन म्हणाली, आता हा संध्याकाळपर्यंत उभा राहिला तरी चिठ्ठी येणार नाही. आता चौथ्या कोणीतरी कार्ड लावू द्या. फाटकावरच्या पहारेकऱ्याने आपलं कार्ड लावलं. दिवा लागला, चिठ्ठी आली. मॅनेजरने ती उचलून वाचली. पहारेकऱ्याची नव्हती, लखींदरची होती.

"चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये आहे," शकुन म्हणाली.  "अकरा वर्षांपासून आहे. यंत्र दोन घंट्या सांगत होतं, मी एकच माणूस आत घेत होते. अनादिबाबूंच्या हातून एकही नंबर राहिलेला नाही, त्यांच्यापर्यंत तो पोचतच नव्हता. सोमवारी मी न बघता उत्तर लिहिलं, ते मागे घेते. हे लेखी आणलंय."

मॅनेजरने पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मोकळा श्वास सोडून म्हणाले, की मग चौकशीचं काही कारणच उरत नाही, आज तसं लिहून नोटिशीच्या फळ्यावर लावतो. सगळे अनादिबाबूंकडे बघू लागले. आता हा माणूस रडेल, रागवेल, निदान सुटकेचा निःश्वास तरी टाकेल, अशी शकुनने मनाची तयारी केली होती. काय बोलतील ते ऐकून घ्यायचं, तिने ठरवून टाकलं होतं.

अनादिबाबू त्या चिठ्ठीकडे बघत होते.

"म्हणजे लखींदर खरं बोलत होता," ते म्हणाले.

त्यांनी वह्यांची चळत टेबलावर ठेवली आणि जिन्याकडे निघाले. मॅनेजर म्हणाले, बाबू, त्याला वर बोलावतो, तुम्ही बसा. ते बसले नाहीत. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ते अकरा पायऱ्या उतरले. शकुन मागोमाग गेली. पत्र्याच्या शेडआड ट्रेलरपाशी जाऊन त्यांनी लखींदरला सांगितलं, की मी तुला सगळ्यांसमोर खोटारडा म्हणालो, ते सगळ्यांसमोरच परत घेतो. दिव्याने सांगितलं म्हणून मी तुला विचारलंच नाही. एक पाऊल बाहेर येऊन बघायला हवं होतं.

लखींदरचा तो मोठा आवाज कुठे गेला कोणास ठाऊक. "रहने दीजिए ना बाबू," एवढंच तो पुटपुटला. मग त्याने ट्रेलरच्या केबिनमधली आपली प्लास्टिकची खुर्ची काढून खाली मांडली आणि बाबूंना दंडाला धरून तिच्यावर बसवलं. कोणीतरी चहा सांगितला. शकुनला डोळे पुसायला पदर नव्हता, कुर्त्याच्या बाहीवर भागवावं लागलं.

दुरुस्तीला वेळ लागला नाही. उठलास की यादी रिकामी होईपर्यंत काढत राहा, एवढंच तिने प्रोग्रॅमला शिकवलं. मग पुन्हा तोच प्रयोग केला, या वेळी पाच कार्डांनी, आणि पाचही चिठ्ठ्या एकामागून एक बाहेर आल्या. अनादिबाबूंनी त्या पत्त्यांसारख्या हातात धरून मोजल्या. मग नेहमीच्या खुर्चीवर बसून त्यांनी डबा उघडला आणि मुढी तिच्यापुढे केली. तिने मूठभर घेतली.

"मग आता पुन्हा भरवसा ठेवू ना?" त्यांनी विचारलं. "उठायचं नाही?"

अकरा वर्षांपूर्वीचं उत्तर तिच्या ओठांवर आलं आणि तिने ते मुढीबरोबर गिळलं. "ठेवा," ती म्हणाली. "पण गुडघा बरा असेल तेव्हा मधून एकदा उठत जा, बाबू." ते हसले. म्हणाले, मार्चपर्यंत तरी उठेन.

खिदिरपूरच्या बसस्टॉपवर उभी असताना तिच्या लक्षात आलं, आज सकाळपासून अनिलचा एकही फोन आलेला नाही. काल दह्यावरून झालेल्या बोलण्याने तो धास्तावला असणार. आयुष्यात पहिल्यांदाच तिला चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं. तिने फोन काढला आणि कोणी विचारलेलं नसताना सांगितलं, "अनिल, निघाले."

 पलीकडून घाबराघुबरा आवाज. "काय झालं? बरी आहेस ना?"

ती बरी होती, फार बरी होती, आणि तसं तिने सांगितलं. मग विचारलं, की आज दही मागवलं होतं त्याचं काय झालं.

"आलं. घंटी एकदाच वाजली होती, तरी पिशवी उलटी करून झटकली," अनिल म्हणाला. "आजचं आजच काढलंय."